रोखलेल्या गुणांचा हिशेब

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेत सामना संपला की फलकावर दोन आकडे झळकतात, आणि प्रेक्षकांच्या लेखी सामन्याची सगळी हकीकत त्या दोन आकड्यांत सामावलेली असते. कोणत्या रोबोटने किती चेंडू टाकले, कोण शेवटी वर चढला, कोणाची स्वयंचलित फेरी चांगली झाली, हे त्यांतून बऱ्यापैकी कळते. मात्र एखाद्या रोबोटने प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे राहून, त्याला वळसा घ्यायला लावून, त्याची नेमबाजीची आवडती जागा अडवून जे गुण होऊच दिले नाहीत, त्यांची नोंद त्या फलकावर कुठेच नसते. मार्गदर्शक म्हणून मुलांच्या संघांबरोबर वावरताना मला या न दिसणाऱ्या गुणांविषयी फार आस्था वाटू लागली आहे. बचाव ही गुण मिळवण्याचीच एक रीत आहे, तिला स्वतःचे गणित आहे, आणि हे गणित मुलांना मन लावून शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गणितापासूनच सुरुवात करतो. ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय स्पर्धेत तीन रोबोटांची एक युती तशाच दुसऱ्या युतीविरुद्ध उतरते. २०२५ पर्यंतची बरीच वर्षे सामना अडीच मिनिटांचा असे. त्यातले पहिले १५ सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालत असे आणि उरलेले १३५ सेकंद त्याची सूत्रे ड्रायव्हरच्या हाती असत. समजा, समोरच्या युतीतला एक वेगवान रोबोट वस्तू उचलून, नेऊन, टाकून परत यायला ९ सेकंद घेतो आणि प्रत्येक फेरीत ५ गुण मिळवतो. म्हणजे त्याच्या १५ फेऱ्या आणि ७५ गुण झाले. आमच्या रोबोटने त्याला प्रत्येक फेरीत केवळ ५ सेकंद उशीर करायला लावला, तर त्याची फेरी १४ सेकंदांची होते, पूर्ण फेऱ्या ९ भरतात आणि गुण ४५ होतात. ३० गुण गेले. आता हेच ५ सेकंद एखाद्या संथ रोबोटवर खर्च करून पाहा. त्याची फेरी मुळात २७ सेकंदांची, म्हणजे फेऱ्या ५ आणि गुण २५. उशिरानंतर फेरी ३२ सेकंदांची होते आणि पूर्ण फेऱ्या ४ उरतात. गेले फक्त ५ गुण. आमच्या ड्रायव्हरची मेहनत दोन्हीकडे सारखीच असली, तरी मोबदल्यात सहापट फरक पडला.

हे कोष्टक मी मुलांना फळ्यावर स्वतः मांडायला लावतो, कारण नवख्या संघाची सहजप्रवृत्ती नेमकी उलटी असते. जो रोबोट हळू आहे, ज्याला ढकलणे सोपे आहे, त्याच्याच मागे तो संघ लागतो आणि काहीतरी साधल्याचे समाधान मिळवतो. वेगवान रोबोटला अडवणे अवघड असते, तो निसटतो, अडवणाऱ्याला अपयश दिसत राहते. पण त्याच्या एकेका सेकंदाचा भाव जास्त असल्यामुळे अर्धवट जमलेला अडथळाही तिथे लाभाचा ठरतो. याच कोष्टकात आणखी एक रकाना भरावा लागतो, तो म्हणजे आपला रोबोट बचाव न करता स्वतः गुण करायला गेला असता तर त्याला किती मिळाले असते. ज्याची एक फेरी ४५ सेकंदांची आहे, तो १३५ सेकंदांत १५ गुण करील. त्याने ते सोडून ३० गुण रोखले, तर युतीचा स्पष्ट फायदा आहे. ज्याच्या फेरीला १५ सेकंद पुरतात, तो स्वतः ४५ गुण करू शकतो, आणि त्याला बचावाला जुंपणे म्हणजे युतीचे नुकसान ओढवून घेणे आहे. बचाव करावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर स्वभावावर सोडण्याची गरज नसते. ते बहुतेक वेळा कागदावर मिळते.

या बेरजेतून दंड वजा करायला मात्र विसरून चालत नाही. फर्स्टच्या स्पर्धेत फाउल झाला की त्याचे गुण थेट प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. २०२५ च्या हंगामात किरकोळ फाउलला २ आणि मोठ्या फाउलला ६ गुण होते. प्रतिस्पर्ध्याला भिंतीशी किंवा मैदानातल्या एखाद्या वस्तूशी दाबून धरण्याची मुभा २०२४ मध्ये ५ सेकंदांपर्यंत होती, ती २०२५ मध्ये ३ सेकंदांवर आली. त्यानंतर मागे हटून सुमारे ६ फुटांचे अंतर ठेवावे लागते. ५ वरून ३ हा बदल वाचताना किरकोळ वाटतो, परंतु ज्या ड्रायव्हरने ‘दाबा, मोजा, सोडा’ अशी लय अंगी बाणवली होती, त्याला ती सगळी नव्याने घडवावी लागली. आमच्याकडे ड्रायव्हरशेजारी उभा राहणारा विद्यार्थी मोठ्याने सेकंद मोजतो, कारण ज्याचे डोळे दोन रोबोटांवर खिळलेले असतात, त्याला वेळेचे भान राहणे कठीण असते.

आतापर्यंत जे सांगितले ते अडवण्याविषयी होते. पण बचावाचा जो प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो, त्यात कोणाला धक्काही लावावा लागत नाही. तिथे आपण गुणच करतो, फक्त तो गुण अशा जागी करतो की त्याने प्रतिस्पर्ध्याचे जमलेले विस्कटते. व्हेक्स या दुसऱ्या विद्यार्थी रोबोटिक्स स्पर्धेच्या २०२०–२१ च्या हंगामातला ‘चेंज अप’ हा खेळ याचा उत्तम नमुना होता. १२ फूट बाय १२ फुटांच्या मैदानावर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ गोल, म्हणजे चेंडू टाकायच्या उभ्या नळ्या, होत्या. प्रत्येक गोलात जास्तीत जास्त तीन चेंडू मावत आणि सर्वांत वरचा चेंडू ज्या रंगाचा, त्या युतीचा तो गोल समजला जाई. गोलातल्या प्रत्येक चेंडूला १ गुण होता. मात्र एका सरळ किंवा तिरप्या रेषेतले तिन्ही गोल आपल्या मालकीचे झाले की त्या रेषेचे ६ गुण मिळत. नऊ गोलांवर अशा आठ रेषा होतात आणि त्यांतल्या चार एकट्या मधल्या गोलातून जातात.

आता सामन्याचे शेवटचे काही सेकंद डोळ्यांसमोर आणा. मधला गोल, वरच्या ओळीतला डावा कोपरा, खालच्या ओळीतला उजवा कोपरा आणि मधल्या स्तंभातले वरचा व खालचा असे पाच गोल लाल युतीकडे आहेत. लालच्या दोन रेषा पूर्ण आहेत, एक तिरपी आणि एक उभी, म्हणजे १२ गुण. उरलेले चार गोल निळ्या युतीकडे आहेत; त्यांची एकही रेषा पूर्ण नाही, कारण त्यांना हवा तो मधला गोल लालच्या हाती आहे. अशा वेळी निळ्या रोबोटने मधल्या गोलावर एक चेंडू ठेवला. त्या चेंडूचा स्वतःचा गुण एक. पण लालच्या दोन्ही रेषा तुटल्या आणि १२ गुण गेले. निळ्याची दुसरी तिरपी आणि आडवी अशा दोन रेषा जुळल्या आणि १२ गुण आले. एका गुणाच्या चेंडूने दोन युतींमधला फरक २५ गुणांनी हलवला. हे ज्याला आधी दिसते तो संघ शेवटच्या क्षणासाठी एक चेंडू पोटात राखून ठेवतो, आणि ज्याला हे आधी दिसून प्रतिस्पर्ध्याचाही विचार सुचतो तो मधला गोल तीन चेंडूंनी भरून टाकतो, कारण भरलेल्या गोलात वरून चेंडू ठेवायचा तर आधी खालून एक काढावा लागतो आणि तेवढा वेळ शेवटी कोणाकडेच नसतो. बुद्धिबळात मधली घरे धरून ठेवण्याला जी किंमत आहे, तीच इथे होती.

हाच धागा इतर खेळांतही सापडतो. फर्स्टचीच लहान रोबोटांची स्पर्धा असलेल्या फर्स्ट टेक चॅलेंजच्या २०२२–२३ च्या खेळात खांबांवर शंकू चढवून आपल्या दोन कोपऱ्यांना जोडणारी सलग साखळी केली की २० गुण मिळत, आणि ती साखळी एका खांबावरच्या एकाच परक्या शंकूने तुटत असे. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचा २०१८ चा ‘पॉवर अप’ तर मुळात ताब्याच्या सेकंदांवरच चालत होता: मधला मोठा तराजू आपल्या बाजूला झुकलेला असेल तोवर दर सेकंदाला गुण मिळत राहत. तिथे प्रतिस्पर्ध्याकडे झुकलेला तराजू नुसता समतोल करून ठेवणे हीसुद्धा कमाईच होती, जरी त्या वेळी आपल्या खात्यात काही पडत नसले तरी.

बचावाला किती वाव द्यायचा, याविषयी नियम करणाऱ्यांचे धोरण सतत बदलत आले आहे, आणि हा इतिहास मला खेळांच्या इतिहासाइतकाच वाचनीय वाटतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन १९९२ मध्ये सुरू झाली. २००१ साली प्रतिस्पर्धीच नव्हता. चार संघ एकत्र येऊन घड्याळाशी झुंजत होते. २०१० च्या ‘ब्रेकअवे’मध्ये जिंकणाऱ्या संघांच्या मानांकनात हरणाऱ्यांच्या गुणांचाही वाटा धरला जात असे, त्यामुळे समोरच्याला शून्यावर रोखणे हे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखे होते. व्हेक्सच्या मानांकनातही बरोबरी सोडवण्यासाठी हरलेल्या युतीच्या गुणांची बेरीज पाहिली जाते. म्हणजे सामना हातात आल्यावर समोरच्याला दाबत राहण्यात तोटा संभवतो. २०१४ चा ‘एरियल असिस्ट’ याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे एका वेळी युतीकडे मुख्यतः एकच मोठा चेंडू असे, सगळे मैदान मोकळे होते आणि चेंडू अडला की सगळी युतीच अडली. त्यामुळे धडकाधडकी भरपूर झाली. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या ‘रीसायकल रश’मध्ये दोन्ही युतींची मैदाने वेगळी केली गेली, रोबोटभोवती गादीसारखे बंपर लावण्याची सक्तीही काढली गेली आणि मानांकन सरासरी गुणांवर ठरू लागले.

तरीही त्या वर्षी बचाव मेला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. दोन मैदानांच्या मधल्या पायरीवर चार मोठे डबे ठेवलेले होते आणि ते ज्याच्या हाती लागतील त्याचे होते. रचलेल्या खोक्यांच्या ढिगावर डबा ठेवला की गुण वाढत, त्यामुळे आपण उचललेला प्रत्येक डबा म्हणजे समोरच्याला नाकारलेली वाढ होती. बलाढ्य संघांनी सामना सुरू होताक्षणी क्षणार्धात डबे ओढून घेणारे हात बनवले, आणि बाद फेरीच्या वरच्या टप्प्यांवर अख्ख्या सामन्याची दिशा त्या पहिल्या क्षणाने ठरू लागली. स्पर्शाला बंदी घातली तरी समाईक वस्तू जोवर मर्यादित आहेत, तोवर नाकारण्याची कला वाट काढतेच. २०१९ मध्ये नियमकर्त्यांनी मधला मार्ग धरला: प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला एका वेळी एकाच रोबोटने बचावाला जायचे. मला ही तरतूद फार समंजस वाटली. त्यात बचावाचे कौशल्य जपले गेले आणि एका संघावर तीन रोबोट तुटून पडण्याची पाळी येईना.

कौशल्य हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. प्रेक्षकांना बचाव म्हणजे ढकलाढकली दिसते. जवळून पाहणाऱ्याला दिसणारी गोष्ट वेगळी असते. आमच्या संघातल्या एका मुलीकडे प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी करण्याचे काम होते. आकड्यांच्या तक्त्याबरोबरच तिने वहीत मैदानाचे छोटे नकाशे काढले होते आणि एकेका रोबोटने कुठून नेम धरला तिथे टिंबे दिली होती. एका नामांकित रोबोटची जवळजवळ सगळी टिंबे एकाच वितीएवढ्या जागेत गोळा झालेली होती. त्याला दुसरीकडून नेम साधता येत नव्हता की त्याचा ड्रायव्हर साधत नव्हता, हे तिला ठाऊक नव्हते, आणि बचावासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. आमचा रोबोट त्या सामन्यात त्याच्या मागे धावला नाही. तो त्या टिंबांच्या गठ्ठ्यावर जाऊन थांबला आणि प्रतिस्पर्धी आला की बंपरचा कोपरा पुढे करून त्याला फूट-दीड फूट बाजूला वळवत राहिला. नेम किंचित तिरपा व्हायचा, मग समोरचा ड्रायव्हर मागे जाऊन पुन्हा रांगेत यायचा, आणि तेवढ्यात आमचे सेकंद जमा व्हायचे. एकही फाउल झाला नाही. त्या प्रतिस्पर्धी रोबोटचा मला आजही हेवा वाटावा इतका तो सुबक होता. त्याच्या सवयी इतक्या बारकाईने वाचणे हा त्याच्या बनवणाऱ्यांचा एक प्रकारे सन्मानच होता, असे मला वाटते.

अशा बचावाला यंत्राचीही समज लागते. डावी आणि उजवी चाके वेगवेगळी फिरवून वळणाऱ्या, साध्या सहा चाकांच्या टँक ड्राइव्ह रोबोटला बाजूने बरोबर काटकोनात भिडले की त्याला वळून सुटणे जड जाते, कारण त्याची चाके आडवी सरकत नाहीत. तिरपे रोलर बसवलेल्या मेकॅनम चाकांचा रोबोट आडवा सरकून निसटतो, पण त्याची पकड कमी असल्याने तो ढकलला जातो. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणारा स्वर्व्ह ड्राइव्हचा रोबोट पकडही ठेवतो आणि हव्या त्या दिशेला पळतोही. दोन रोबोट समोरासमोर अडून राहिले की दोघांच्या मोटारी जागच्या जागी जोर लावत विजेचा प्रवाह भसाभस ओढतात. १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज खाली बसते, नियंत्रक स्वतःला वाचवण्यासाठी मोटारींचे काम थांबवतो, आणि प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर तापून पडला तर रोबोट उरलेला सामना जागीच खिळतो. म्हणून प्रवाहावर मर्यादा न घालता बचावाला उतरणे धोक्याचे असते. जो ड्रायव्हर नुसता जोर लावतो तो प्रतिस्पर्ध्याबरोबर आपलीही बॅटरी संपवतो. जो कोन साधतो त्याची बॅटरी शेवटच्या चढाईपर्यंत पुरते.

एवढे कष्ट मोजायचे कसे, हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. एका रोबोटचा युतीच्या गुणांतला वाटा काढण्यासाठी ओपीआर नावाचा आकडा प्रचलित आहे; सगळ्या सामन्यांची समीकरणे मांडून लघुतम वर्ग पद्धतीने तो काढतात. त्याच धर्तीवर प्रतिस्पर्ध्याच्या गुणांवरून डीपीआर काढला जातो आणि त्याला बचावाचे मोजमाप समजले जाते. मला त्यावर विसंबावेसे वाटत नाही. पात्रता फेरीत एका संघाच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा सामने येतात, त्यांतल्या एखाद-दुसऱ्यातच तो बचाव करतो, आणि समोर दुबळी युती आली म्हणून तिचे गुण कमी झाले तरी श्रेय बचावाला जाते. त्यापेक्षा जुना मार्ग बरा: ज्याला अडवले त्याच्या नेहमीच्या फेऱ्या किती आणि आज किती, हे शेजारी शेजारी लिहायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि दर सामन्याला एका विद्यार्थ्याचे डोळे त्यासाठी बांधून ठेवावे लागतात, पण बाद फेरीसाठी साथीदार निवडायच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

निवडीच्या वेळी काय होते, ते सांगण्यासारखे आहे. फर्स्टच्या बहुतेक स्पर्धांत बाद फेरीसाठी आठ युत्या बनतात. पहिल्या फेरीत एक ते आठ अशा क्रमाने प्रत्येक कप्तान एक साथीदार निवडतो आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटतो. त्यामुळे अव्वल कप्तानाच्या वाट्याला पहिला साथीदार सर्वांत आधी येतो आणि दुसरा सर्वांत शेवटी, म्हणजे मैदानावरच्या चोवीस रोबोटांपैकी चोविसावा. तोवर गुण करणारे चांगले रोबोट संपलेले असतात. उरलेल्यांत ज्याची चाके भक्कम आहेत, जो सामन्यात बंद पडत नाही, ज्याच्या ड्रायव्हरला नियमपुस्तक पाठ आहे, त्याला बोलावणे येते. मोठी कार्यशाळा नसलेल्या, वर्षभर साधाच सांगाडा घासूनपुसून तयार करणाऱ्या संघाला बाद फेरीत अव्वल युतीकडून खेळायला मिळते ते या वाटेने. अशा संघांसाठी माझ्या मनात विशेष जिव्हाळा आहे, आणि बचाव शिकवण्याचा माझा आग्रह बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच आहे.

यावर एक आक्षेप मला पालकांकडून आणि काही सहकाऱ्यांकडूनही ऐकायला मिळतो, आणि मी तो हलक्यात घेत नाही. मुलांनी महिनोन्‌महिने खपून बनवलेल्या यंत्राला त्याचे काम करू न देणे, हे शिक्षणाच्या व्यासपीठावर शोभते का? एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या चळवळीत ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ ही कल्पना रुजवली. कडवी झुंज द्यावी आणि ती देताना समोरच्याचा मान राखावा, असा तिचा आशय आहे. त्या कसोटीवर मी बचावाकडे पाहतो. समोरच्या रोबोटच्या कामात खो घालणे मला मान्य आहे. समोरचा रोबोट मोडावा अशा हेतूने भिडणे मला मान्य नाही, मग पंचाच्या नजरेतून ते सुटले तरी. व्हेक्सच्या नियमांतही बचाव आणि आक्रमण यांत वाद झाला तर संशयाचा फायदा आक्रमकाला देण्याचे तत्त्व आहे, आणि ते मला न्याय्य वाटते, कारण संपर्काची निवड बहुधा बचाव करणाऱ्याने केलेली असते. सामना संपल्यावर आमची मुले ज्या रोबोटला अडवले त्याच्या संघाकडे जाऊन काही वाकले-तुटले आहे का, ते विचारतात आणि लागली तर हत्यारांची पेटी घेऊन मदतीला थांबतात. हा आमच्या संघाचा नियम आहे.

आणि ज्याला अडवले जाते त्याचेही त्यातून शिकणे होते. २०१३ च्या ‘अल्टिमेट असेंट’मध्ये काही रोबोट मैदानाच्या एका टोकाला उभे राहून ५४ फूट लांबीच्या मैदानापलीकडच्या गोलात तबकड्या फेकत. ड्रायव्हरच्या वेळेत तिथल्या सर्वांत वरच्या गोलात पडलेल्या प्रत्येक तबकडीला ३ गुण होते आणि त्यांना रोखायला समोरच्यांनी रोबोटवर उंच, हलके पडदे उभारले. त्यावर उपाय म्हणून फेकणाऱ्यांना कोन बदलावा लागला, जागा हलवावी लागली किंवा पुढे जाऊन जवळून टाकण्याची दुसरी रीत तयार ठेवावी लागली. आमच्या वहीतल्या टिंबांच्या गठ्ठ्याचेही तेच झाले. त्याच संघाशी पुढे पुन्हा गाठ पडली, तेव्हा त्यांचा रोबोट तीन वेगवेगळ्या जागांवरून नेम साधत होता आणि आमच्या मुलीला नकाशा नव्याने काढावा लागला. ती त्या कामाला लगेच बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो हा की या तीन जागांपैकी कोणत्या जागेवर जायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो.